मेश्रामांचा अर्ज

आमचे हे पहाटे साडेपाचला फिरायला निघतात आणि साडेसहाला परत येतात. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. यांच्याकडे बघून घड्याळ लावावं. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर परतायला आठ-आठ वाजायला लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कुठे थांबला होता?" मी विचारलं.

"तळ्यावर."

"एवढा वेळ?"

"हं."

हवालदार गुरुदत्त उतेकर यांच्याशी संसार म्हणजे हा एवढा. सासूबाई म्हणायच्या, पोलादपूरकडची माणसं मोजूनच बोलतात. तीस वर्षं मी ते मोजलेलं वेचत आले. आमची निशा लग्न होऊन बडोद्याला गेल्यापासून खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि टीव्ही. तिघांत काय ते टीव्हीच बोलायचा.

मग डब्यातल्या चपात्या कमी व्हायला लागल्या. एकदा चार चपात्या कागदात गुंडाळताना मी यांना पकडलं, तर म्हणाले, "पाखरांना."

"पाखरांना मेथीची भाजीपण लागते?"

यांनी चपला घातल्या आणि गेले.

खोटं कशाला सांगू, मला बाईच वाटली. चोपन्न वर्षांचे आहेत, पण अजून ताठ चालतात, केस दाट आहेत. तळ्यावर योगाला येणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी अंगावर शाल घेऊन मी मागोमाग निघाले.

खांदेश्वराच्या देवळाजवळ तळ्याच्या कडेला बसायला जागा आहे. तिथे हे बसले होते आणि शेजारी दाढी वाढलेला, मळक्या जर्किनमधला एक माणूस माझ्या चपात्या खात होता. पायाशी गोणपाटाचं बोचकं. बाई नव्हती. जीव भांड्यात पडायचा, तेवढ्यात हे हसले. हसले म्हणजे मान मागे टाकून, खदाखदा. निशाच्या बारशालासुद्धा हा माणूस असा हसला नव्हता.

मी देवळाच्या भिंतीआड उभी राहिले. परत जायला हवं होतं, गेले नाही. हसणं थांबलं आणि हे हळू आवाजात बोलायला लागले. शिवाप्पा नावाचा एक पोरगा होता, बेळगावकडचा. गस्तीवर खरं तर यांना जायचं होतं. यांच्या अंगात ताप होता म्हणून त्याला पाठवलं. वर बर्फाचा कडा कोसळला.

"फावडी यायला वेळ होता, कुंदन. आम्ही हातांनीच उकरत होतो. नखं निघाली तरी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडला. माझ्या जागी गेलेला."

चपाती खाली ठेवून त्या दाढीवाल्याने यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, एवढंच.

ती नखं. त्या वर्षी हे सुट्टीवर आले तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, दगड पडला. महिनाभर मी त्या बोटांना हळद-तूप लावलं, चिंध्या बांधल्या. जेवण भरवलं. पंचवीस वर्षं मी त्या दगडावर विश्वास ठेवला. आणि खरं काय ते यांनी महिन्याभराच्या ओळखीच्या, स्टेशनच्या जिन्याखाली झोपणाऱ्या माणसाला सांगून टाकलं.

बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. या माणसाचं काय करायचं?

जेवताना मीच विषय काढला. "तळ्यावरचा तो माणूस कोण?"

हे दचकले, पण लपवलं नाही. नायक कुंदन मेश्राम, भंडाऱ्याकडचा. सतरा वर्षं नोकरी करून सुटला, मग इकडे बंदराजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामावर पहारा द्यायचा. ठेका संपला, तशी ठेकेदाराने दिलेली खोली गेली. गावी आई होती, ती आधीच वारली होती. त्याच आठवड्यात झोपेत त्याची बॅग चोरीला गेली आणि त्याबरोबर सगळे कागद.

"पेन्शन?"

"दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पाच वर्षं दिला नाही, थांबलीच असणार. मी विचारलं की मान खाली घालतो."

"मग तुम्ही रोज जाऊन करता काय?"

"बसतो त्याच्याजवळ."

बसतो त्याच्याजवळ!

पुढच्या आठवड्यात यांनी त्याला घरीच आणलं. अंघोळीला गरम पाणी दिलं, न्हाव्याकडे नेऊन दाढी करवली आणि कपाटातला निळा स्वेटर त्याच्या अंगावर चढवला. तो मी विणला होता. गळ्यापाशी चुकला म्हणून उसवून दोनदा विणला होता. त्यानंतर रोज येऊन मेश्राम गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसायचे. चहा झाला की कप स्वतः धुवायचे, मोरी वापरली की पुसून ठेवायचे. "वहिनीजी, त्रास देतो तुम्हाला," म्हणायचे. दोष काढायला जागा ठेवली असती तरी मला बरं वाटलं असतं.

एकदा मी डाळीला कुकर लावला. शिट्टी झाली आणि गॅलरीत धाडकन आवाज आला. जाऊन बघते तर मेश्राम खुर्चीमागे जमिनीवर पालथे, दोन्ही हात डोक्यावर. हे त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू बोलत राहिले, "घरी आहेस. पनवेलमध्ये आहेस. डाळ शिजतेय." कुकर निवेपर्यंत तो हात हलला नाही.

मी दारात पळी घेऊन उभी होते. मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मला आठवलं काय, तर निशाच्या वेळी माझं सिझर झालं तो दिवस. तेव्हा हे पोस्टिंगवर होते आणि माझ्या पाठीवर हात ठेवायला दवाखान्यातली आया होती.

त्याच दुपारी मी ठरवलं, या माणसाचं भलं करायचं. इतकं भलं करायचं की त्याला पुन्हा आमच्या तळ्यावर यायची गरजच पडू नये.

आणि ते मलाच जमणार होतं. आयुष्यभर हे सीमेवर आणि मी रांगेत. बँक, रेशन, शाळेचा दाखला, यांच्या पेन्शनचे कागद, सगळं मी एकटीने निस्तरलेलं. वही आणि पेन घेऊन मी गॅलरीत गेले.

"मेश्राम, तुमचा आर्मी नंबर सांगा."

त्यांनी मान खाली घातली. हे मला डोळ्यांनी खुणावत होते, नको म्हणून.

"माझी भाजी गॅसवर आहे," मी म्हटलं. "नंबर, पलटण, गाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख. पटापट."

मेश्राम उठून उभे राहिले आणि न अडखळता सगळं सांगितलं. आईचं नावसुद्धा.

"मी दीड महिना विचारत होतो," हे नंतर म्हणाले.

"तुम्ही लाडाने विचारत होता."

पुढचे दोन महिने मी मेश्रामांच्या मागे लागले. कागद हरवल्याची पोलिसात तक्रार, प्रतिज्ञापत्र, कामोठ्यातल्या केंद्रात बोटांचे ठसे देऊन नवं आधार कार्ड. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भावेश यांनी कामोठ्यातल्या त्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तात्पुरती झोपायची सोय केली. मी पेण, वडखळ करत एसटीने अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तीनदा गेले. तिथल्या चारुता मॅडम, निशाच्याच वयाच्या, प्रत्येक कागद शांतपणे समजावून द्यायच्या. त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं, पाठपुरावा केला आणि फेब्रुवारीत उत्तर आलं. नायक कुंदन मेश्राम कागदोपत्री पुन्हा जिवंत झाले. पेन्शन सुरू होणार होती, उपचारांचं कार्ड मिळणार होतं.

भावेशनी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. "उतेकर वहिनींना मानाचा मुजरा." खाली फुलं, हात जोडलेले, झेंडे. मी तो फोटो बराच वेळ बघितला. त्यात मी चांगली बाई दिसत होते.

मार्चमध्ये राहण्याचा प्रश्न आला. चारुता मॅडमनी दोन पर्याय समोर ठेवले. एक म्हणजे कामोठ्यातच एका संस्थेची खोली, आणि आठवड्यातून दोनदा जवळच्या डॉक्टरांकडे जायचं. दुसरं, वाईच्या बाजूला माजी सैनिकांचं वसतिगृह. डॉक्टर तिथेच, पण वर्षभर राहायची तयारी हवी.

"काकू, डॉक्टरांनी लिहिलंय की ओळखीचं माणूस जवळ असेल तर हे लवकर सावरतील. इकडे त्यांचं कोणी आहे का?"

पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "कोणी नाही."

अर्जावर मेश्रामांची सही लागणार होती. कामोठ्यात दुकानाच्या पायरीवर बसून मी त्यांना कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"वाई," ते म्हणाले. "उस्तादांना विचारलंत, वहिनीजी?" ते यांना उस्ताद म्हणायचे.

"त्यांचंच म्हणणं आहे. त्यांना हे रोजचं आता झेपत नाही, मेश्राम. तोंडावर बोलणार नाहीत ते."

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर काढत सही केली.

घरी येऊन यांना सांगितलं, मेश्राम वाईला जाणार.

"वाईला? त्याने मागितलं?"

"हो."

हे पाटावर बसले होते. ताटातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चार दिवस हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. माझे वडील गेले तेव्हा या माणसाने तेराव्याला घड्याळ बघितलं होतं, आणि आता एका मेश्रामासाठी अन्न गोड लागत नव्हतं. मला वाटलं होतं, तो गेला की माझं माणूस माझ्याकडे वळेल. ते भिंतीकडे वळलं.

जायच्या दिवशी मी म्हटलं, "स्टँडवर येता ना?"

"जायचंय त्याला, जाऊ दे."

मी एकटीच गेले. पनवेल एसटी स्टँडवर मेश्राम आधीच येऊन बसले होते, नवी बॅग मांडीवर घेऊन. गाडीला उशीर होता. त्यांनी बॅगेतून धुऊन घडी केलेला निळा स्वेटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही विणलाय. उस्ताद बोलले होते. मला तेव्हाच परत करायला पाहिजे होता."

"राहू द्या. वाईला थंडी असते."

"नको जी." त्यांनी बॅगेची चेन लावली. "सही करताना मला कळलं होतं, उस्ताद असं बोलणार नाहीत. पण मग ते चार दिवस तळ्यावर आलेच नाहीत. वाटलं, बोलले पण असतील."

"कळलं होतं, मग सही का केली?"

"माझं लग्न झालं होतं, वहिनीजी. सुट्टीवर गेलो की मी गप्प असायचो. बायको माझ्याकडे तुमच्यासारखी बघायची."

"माझ्यासारखी म्हणजे?"

"स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभी असल्यासारखी. सहा वर्षं थांबली, मग गेली. दुसरं लग्न केलं. बरं केलं तिने." ते ओशाळं हसले. "म्हटलं, एक घर मोडलंय, दुसरं नको."

एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर मी परतवल्या असत्या. पण त्यांचं हे बोलणं मला परतवता येईना. मी उठले, खांबाशी गेले आणि यांना फोन लावला.

"स्टँडवर या. आत्ता."

"मी म्हटलं ना..."

"त्यांनी वाई मागितलं नव्हतं. मी तुमच्या नावाने खोटं सांगून सही घेतली. तुम्हालाही खोटं सांगितलं. या."

पलीकडून फोन बंद झाला. पंधरा मिनिटांनी हे रिक्षातून उतरले, पायात घरातल्या सपाता. तोवर गाडी लागली होती. हे माझ्याकडे न बघता थेट मेश्रामांसमोर जाऊन उभे राहिले.

"चल घरी."

मेश्रामांनी मान हलवली. "नाही, उस्ताद. मला झोप येत नाही रात्र-रात्र. तिथे डॉक्टर आहे, जाऊन बघतो. पण आता माझ्या मनाने जातोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनीजी, वर्षभर नको. तीन महिने बघतो. कागद बदलता येतो?"

"येतो," मी म्हटलं. "मी बदलून आणते."

कंडक्टरने घंटी मारली. मेश्राम चढले. आणि त्यांच्या मागोमाग हेही चढले, सपातांसकट. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. गाडी सुटली आणि मी स्वेटर घेऊन स्टँडवर उभी. केलं ते चुकलं हे कळत होतं, लाजही वाटत होती, आणि तरी खिडकीत शेजारी-शेजारी बसलेली ती दोन डोकी बघून हेवा वाटलाच. लाजेने हेवा जातो असं म्हणणाऱ्याला हेवा ठाऊक नसावा.

हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. दार लावलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"निराधार माणूस तो! त्याला हाकललंस?"

"हो, हाकललं."

"त्याने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"तुमची नखं!" मीही ओरडले. "दगड पडला म्हणालात मला. महिनाभर ही बोटं मी बांधली आणि शिवाप्पा कोण ते मला तळ्यावर भिंतीआडून कळलं. त्याला सांगता येतं, मला नाही?"

हे एकदम खाली बसले. उजवा हात मांडीवर पसरून ठेवला.

"तू बोटं बांधत होतीस तेव्हा निशा तुझ्या मांडीवर खेळत होती," हे म्हणाले. "तिथे ते कुठे काढू? मला ते घरात आणायचं नव्हतं."

"घरातच होतं ते. माझ्या शेजारी झोपत होतं, उठत होतं. फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं."

त्यानंतर आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पण हा अबोला वेगळा होता. आधीच्या गप्प बसण्यात मी नव्हतेच. हा राग तरी माझ्यावर होता, माझा होता.

त्याच आठवड्यात मी अलिबागला गेले आणि चारुता मॅडमना खरं ते सांगितलं. ओळखीचं माणूस होतं, मीच नाही म्हटलं. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. "काकू, हे तुम्ही करायला नको होतं," म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून नवा अर्ज काढला.

नवव्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. हे दाराशी येऊन उभे राहिले.

"शिवाप्पाच्या आईला मी कधी पत्र लिहिलं नाही," हे म्हणाले. "काय लिहिणार होतो? की जायचं मला होतं?"

मी मागे वळले नाही. वळले तर थांबतील अशी भीती वाटली. तव्यावरची भाकरी करपली, ती तशीच करपू दिली. हे बोलत होते. एक एक वाक्य, मध्ये थांबत थांबत, पण बोलत होते.

मेश्राम जूनमध्ये परतले. वजन वाढलं होतं. रात्री चार-पाच तास झोप लागते म्हणाले. कामोठ्यातली खोली मिळाली, पेन्शन सुरू झाली. आता रविवारी जेवायला येतात, आणि मी त्यांना भाऊजी म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना ठसका लागला होता.

मध्यंतरी मी शिवाप्पाच्या गावचा पत्ता शोधायला घेतला. कुठे कुठे चिठ्ठ्या पाठवल्या ते जाऊ दे, पण मिळाला. आई आहे, धाकट्या मुलाकडे राहते. मी पत्त्याचा कागद यांच्यापुढे ठेवला. पुढच्या रविवारी यांनी मेश्रामांना गॅलरीत बसवून पत्र सांगितलं आणि त्यांनी ते लिहिलं. त्या घरी मराठी वाचत नाहीत म्हणून हिंदीत लिहायचं होतं आणि मेश्रामांचं अक्षर सुरेख आहे, हे खरं. पण माझंही काही वाईट नाही. दोन तास त्यांची डोकी जवळ होती आणि मी आत मटार सोलत होते, एकेक दाणा जरा जोरात पातेल्यात टाकत.

पत्र झाल्यावर यांनी पाकीट चिकटवलं आणि माझ्याकडे आणून दिलं. पत्ता मी लिहावा म्हणून.

"आत काय लिहिलंय?" मी विचारलं.

"सांगतो," हे म्हणाले. "तुझे भाऊजी गेले की सांगतो."

मेश्राम लगेच उठले आणि चपला घालायला लागले. मी त्यांना बसवलं. मटारची उसळ व्हायची होती. जेवून गेले तरी चालणार होतं.